चौथ्या पोर्टचा दिवा

ज्याला पटेल त्यानं पटवून घ्यावं, न पटेल त्यानं सोडून द्यावं. पण यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

दादासो माझ्या वडिलांबरोबर टेलिफोन एक्स्चेंजला होते. छत्तीस वर्षं लाइनमन. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि भुताखेतांची तर अजिबातच नव्हती. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती. श्राद्ध-पिंड नाही, उतारा नाही, लिंबू-मिरची नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं असं कळलं की दादासो म्हणायचे, आधी त्याला डॉक्टरकडं न्या आणि मग मला सांगा.

अशा माणसानं ही गोष्ट मला सांगितली. सांगताना दोनदा उठून पाणी प्याले.

तारीख सतरा एप्रिल २००९. वार शुक्रवार. कोल्हापूर, टेंबलाई टेकडीच्या अलीकडची एक लहान कॉलनी.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं कोण जाणे. दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

पण तो शेवट झाला. सुरुवातीपासून सांगतो.

दादासोंच्या पत्नी मीनाबाई आदल्या वर्षी, त्याच तारखेला वारल्या. जयंतीचे निळे झेंडे अजून गल्लीत उतरवलेले नव्हते. दम्यानं त्यांची फुफ्फुसं पार निकामी केली होती. शेवटचे सात महिने त्या मागच्या खोलीत पलंगावर होत्या. नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मशीन विजेवर चालायचं, दिवसरात्र घूं घूं करत. लोडशेडिंगची वेळ आली की मशीन सोडून सिलिंडर लावायचा. ते काम दादासोंचं.

एकुलता एक मुलगा, संघर्ष, जर्मनीत. आई गेली तेव्हा आला, आठ दिवस राहिला, आणि वडिलांना म्हणाला, आता माझ्याबरोबर चला. दादासो नाही म्हणाले. का नाही, ते सांगितलं नाही.

खरं कारण मागची खोली होती.

ती खोली सोडून त्यांना कुठं जायचं नव्हतं. आणि त्या खोलीतली एक गोष्ट त्यांनी मुलाला सांगितलेली नव्हती. मरेपर्यंत सांगायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

बापलेकांत वर्षभर ओढाताण चालली. शेवटी संघर्षनं तोड काढली. घरात दोन कॅमेरे बसवायचे, एक दारात, एक सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत. सोप्यात इंटरनेटवरचा एक फोन. म्हणजे जर्मनीत बसून त्याला वडील दिसतील आणि दोघांना हवं तेव्हा बोलता येईल. मात्र अट घातली.

"पप्पा, मला तुमी दिसायला पायजे. सारखं बंद पडाय लागलं तर मी काय ऐकणार न्हाय. येऊन घिऊन जाणार."

दादासोंनी मान्य केलं. दुसरं काय करणार?

काम मिळालं संग्रामला. हा संघर्षचा शाळेतला मित्र, राजारामपुरीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. माणूस तोंडाळ, पण हात चोख. त्यानं सोप्यातल्या टेबलावर एक डबा ठेवला आणि समजावून सांगितलं. याला स्विच म्हणतात. प्रत्येक कॅमेऱ्याला इथून एकच वायर जाणार. त्याच वायरीतून वीज, त्याच वायरीतून चित्र. कॅमेऱ्यापाशी वेगळा प्लग नको. स्विच इन्व्हर्टरवर ठेवला की लाइट गेली तरी सगळं चालू.

दादासोंनी विचारलं, वीज किती व्होल्टची?

"अठ्ठेचाळीस, काका."

दादासो हसले. मीनाबाई गेल्यापासून पहिल्यांदा.

"ह्ये तर आमचंच की रं."

तसं बघितलं तर खरंच त्यांचंच होतं. जुन्या टेलिफोनला घरातली वीज लागत नसे. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची खोली असायची, तिथून अठ्ठेचाळीस व्होल्ट त्याच तारेतून घरापर्यंत यायचे. म्हणून अख्ख्या गावाची लाइट गेली तरी फोन चालायचा. छत्तीस वर्षं दादासोंनी हेच तर जपलं होतं.

संग्राम म्हणाला, "पर ह्यो तुमच्या एक्स्चेंजपेक्षा शाणा हाय. आधी वायरीत हळूच इचारतोय, पलीकडं कोण हाय का? उत्तर आलं तरच वीज सोडतोय. न्हाय आलं तर गप बसतोय. वीज सोडली की त्या पोर्टवर, म्हंजी वायर खोचायच्या भोकावर, हिरवा दिवा लागतोय."

हे बोलणं ध्यानात ठेवा.

तीन वायरी ओढून झाल्या. दारातला कॅमेरा, सोप्यातला कॅमेरा, फोन. मग दादासो म्हणाले, एक वायर मागच्या खोलीत टाक.

तिथं काय बसवायचं, संग्रामनं विचारलं.

काही नाही, दादासो म्हणाले. लाइनमन कुठंही लाइन ओढायला गेला की तारांची एक जोडी जास्तीची टाकून ठेवतो, कधी काय लागेल सांगता येत नाही. संग्रामनं वाद घातला नाही. मीनाबाईंच्या पलंगामागं भिंतीत एक पांढरी चौकट बसवली, वायर तिथं संपवली. तिला काहीच जोडलेलं नव्हतं. नुसतं रिकामं तोंड.

त्या वायरीचं दुसरं टोक स्विचच्या चौथ्या पोर्टात गेलं.

पहिला स्विच संग्रामनं एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणला होता. चांगला दणकट, चोवीस पोर्टचा. त्याला मागं दोन पंखे. तो चालू केला आणि संग्राम निघून गेला.

दादासो सोप्यात बसले. पाच मिनिटांनी उठून मागच्या खोलीच्या दाराशी गेले. परत येऊन बसले. परत उठले.

घूं... घूं... घूं...

तोच आवाज. मीनाबाईंच्या मशीनचा. तीच पट्टी, तीच मधूनच येणारी घरघर. वर्षभर जो आवाज घरात नव्हता तो आता सोप्यातून येत होता, आणि पलंग मात्र रिकामा होता.

तीन दिवस त्यांनी सोसलं. चौथ्या दिवशी दुपारी हात जोडल्यासारखे केले आणि प्लग उपटला.

संघर्षला घर दिसेनासं झालं. त्यानं शेजारी फोन केला, संग्रामला फोन केला, तिकीट बघितलं. दादासोंनी सांगितलं, आवाज सहन होत नाही. कुठला आवाज, कसला, ते सांगितलं नाही.

आता ते तुम्हाला सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मीनाबाईंचं मशीन बंद पडलं की बारीक पीं-पीं करायचं, पण ते माडीवर ऐकू येत नसे. दादासोंना दुपारी माडीवर जुने रेडिओ खोलून बसायची सवय. म्हणून त्यांनी एक घंटा बसवली. मीनाबाईंच्या हातात काळं बटण, माडीवर घंटा. वायरिंग इतकं सुबक की बघत राहावं. बटण दाबलं की माडीवर ठणाणा व्हायचा.

पण ती घंटा त्यांनी घरातल्या विजेवर जोडली होती.

ज्या माणसानं जन्मभर लोकांना सांगितलं की फोन घरच्या विजेवर ठेवायचा नसतो, त्यानं स्वतःच्या बायकोची घंटा घरच्या विजेवर ठेवली. एक बॅटरी लावली असती तर भागलं असतं. कुणी अडाणी असता तर त्यानं बॅटरीच लावली असती. यांना नीटनेटकं हवं होतं.

त्या महिन्यात लोडशेडिंग दोन ते चार असायचं. दादासो दोनला पाच मिनिटं कमी असताना खाली यायचे, सिलिंडर लावायचे. सतरा एप्रिलला लाइट एक चाळीसलाच गेली. माडीवर दादासोंना कळलं नाही. खिडकीतून ऊन होतं, पंखा लावलेला नव्हता, हातात बॅटरीवरचा रेडिओ होता. त्यात मन रमलं आणि घड्याळाकडं बघायचंही राहिलं.

दोनला खाली आले तेव्हा सगळं संपलं होतं.

मीनाबाईंचा अंगठा बटणावर होता. दाबलेला. सोडवावा लागला.

दादासोंनी डॉक्टरला, भावकीला, मुलाला सांगितलं की झोपेत गेली. घंटा उतरवली, बटण कापून डब्यात टाकलं. आणि त्या दिवसापासून एकटेच बोलायला लागले, मनातल्या मनात.

असो. संग्रामनं दुसरा स्विच आणला. लहान, प्लास्टिकचा, पंखा नाही, आवाज नाही. मार्च निघाला, ऊन तापलं, आणि तो दुपारी इतका गरम व्हायचा की हात लावता येत नसे. मग कॅमेरे बंद. दोन आठवड्यांत चार वेळा बंद पडला. चौथ्या वेळी संघर्ष ओरडला नाही, शांतपणे बोलला, आणि तेच वाईट होतं. म्हणाला, आता एकदा जरी घर दिसायचं थांबलं तर मी तिकीट काढतो, घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन येतो.

संग्राम खजील झाला. यावेळी त्यानं आठ दिवस चौकशी केली आणि पुण्याहून माल मागवला. आठ पोर्टचा, त्यातल्या चार पोर्टांतून वीज. पंखा नाही. सगळी पेटी धातूची, वरच्या अंगाला खाचा पाडलेल्या, म्हणजे उष्णता पेटीच बाहेर टाकते. गरज असेल त्याच्या दुप्पट वीज पुरवायची ताकद, म्हणजे उन्हाळ्यातही दमणार नाही.

"कान लावून बघा काका," तो म्हणाला. "मेल्यागत गप हाय."

बोलल्यावर त्यानं जीभ चावली. पण स्विच खरंच गप होता. सहा एप्रिलला बसवला. एकदाही बंद पडला नाही.

घरात आता कसलाच आवाज नव्हता. बायडाबाई सकाळी येऊन भाकरी थापून जायच्या, त्यानंतर दादासोंशी बोलायला कुणी नाही. घड्याळाची टिकटिक. नळाचा एखादा थेंब. संघर्ष तिकडून बघत असेल म्हणून दादासो नीट बसायचे, वेळेवर जेवल्यासारखं करायचे. मुलाला दिसायचा तो बाप वेगळा, आणि कॅमेऱ्यामागं ताट तसंच झाकून ठेवणारा बाप वेगळा.

आठ तारखेला दुपारी ते आरामखुर्चीत बसले होते. समोर टेबलावर स्विच. तीन हिरवे दिवे.

पहिला. दुसरा. तिसरा.

आणि मग...

चौथा लागला.

दादासो बघत राहिले. चौथा म्हणजे मागच्या खोलीचा. तिथं वायरीला काही जोडलेलंच नाही. उठून गेले. खोली बंद होती. कडी काढली. पलंग, घडी घातलेली वाकळ, भिंतीतली पांढरी चौकट. रिकामी.

परत आले. दिवा लागलेलाच होता.

भिंतीवरच्या घड्याळात एक त्रेचाळीस झाले होते.

दोनच्या ठोक्याला दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ समोर ठेवलं. एक चाळीस... दिवा लागला. दोन... विझला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यांनी संग्रामला एक वाजता जेवायला बोलावलं आणि काही न सांगता खुर्चीत बसवून ठेवलं.

एक चाळीसला संग्रामनं तोंडातला घास तसाच धरला.

मग तो कामाला लागला. वायर टेस्टरला लावली, वायर शाबूत. उंदीर नाही, ओल नाही. मग त्यानं चौथ्या पोर्टातली वायर काढून तिसऱ्यात घातली आणि फोनची वायर चौथ्यात. म्हणजे पोर्ट खराब असेल तर कळेल. दोन्ही दिवे विझले.

मग फोनचा दिवा लागला. आणि मग...

तिसऱ्यावर, जिथं आता मागच्या खोलीची वायर होती, तिथंही लागला.

म्हणजे पोर्ट चांगला होता. जे काही होतं ते वायरीच्या पलीकडच्या टोकाला होतं. संग्राम मागच्या खोलीत जाऊन आला.

"काका, ह्यो उगंच दिवा लावत न्हाय. पलीकडनं उत्तर आल्याशिवाय लावतच न्हाय."

संग्रामनं फोनची वायर जागेवर घातली, खोलीची वायर स्विचमधून उपटून टेबलाखाली सोडून दिली, म्हणाला आता प्रश्नच मिटला. ताटातलं अर्धं तसंच टाकून तो गेला. नंतर महिनाभर त्या घराकडं फिरकला नाही.

स्विचच बंद करून टाकायचा, असं दादासोंच्या मनात आलं. पण बंद केला की संघर्ष येणार आणि घराला कुलूप लागणार. करता येत नव्हतं. सहज सुटेल अशी गाठ त्यांनी स्वतःभोवती मारलीच नव्हती.

बारा तारखेला चौथा दिवा लागला नाही. वायरच नव्हती.

एक चाळीस झाले. दादासोंनी श्वास सोडला.

आणि...

सोप्यातला फोन वाजला.

त्याच्या छोट्या पडद्यावर नंबर यायचा. नुसता उजेड आला, नंबर नव्हता. फोन वाजत राहिला. थांबेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुठलाही फोन इतका वेळ वाजत नाही, हे दादासोंइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी उचलला नाही.

दोनला थांबला.

तेरा, चौदा, पंधरा, तेच. चौदाला बाहेर जयंतीचे ढोल वाजत होते तरी त्यातून फोन ऐकू आला. पंधराला सोप्यातल्या कॅमेऱ्यातून संघर्षचा आवाज आला. त्या कॅमेऱ्याला कानही होते आणि तोंडही.

"पप्पा, फोन वाजतोय. उचलत का न्हाईसा?"

दादासो म्हणाले, राँग नंबर हाय.

"उचलल्याबिगर कसं कळलं?"

दुसऱ्या दिवशी संघर्षनं सांगितलं की त्याच्याकडच्या यादीत असा कुठला फोन आल्याची नोंदच नाही. पण वाजतोय तर खरा, मी स्वतः ऐकला. त्याचा आवाज जरा वेगळा होता. आई गेल्याला उद्या वर्ष होतंय म्हणून असेल, असं दादासोंना वाटलं.

मग सतरा तारीख उजाडली.

संध्याकाळी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. भन्ते येणार होते, भावकीतली माणसं पाचला येणार होती. बायडाबाई खीर करून गेल्या. दुपारी घरात दादासो एकटे. मीनाबाईंचा फोटो पुसून टेबलावर ठेवला होता, स्विचच्या शेजारी. संघर्षनं त्या दिवशी रजा घेतली होती. तो तिकडं बघत असणार हे दादासोंना माहीत होतं, पण त्या क्षणी ते विसरले.

एक चाळीस.

लाइट गेली. घरघरणारा फ्रीज गप झाला. पंखा हळू हळू थांबला. स्विचचे तीन दिवे तेवढे इन्व्हर्टरवर चालू राहिले.

फोन वाजला.

दादासोंना मला सांगता आलं नाही की त्यांनी का उचलला. म्हणाले, वर्षभर तिनं बटण दाबलं आणि मी वर बसलोय असं वाटायचं. आजच्या दिवशीही उचलला नसता तर मी माणूस कसला?

त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

मेलेली लाइन कशी लागते ते लाइनमनला कळतं. आणि पलीकडं कुणीतरी धरून गप्प बसलंय अशी लाइन कशी लागते, तेही कळतं. त्या दोन शांततांत फरक असतो. ही लाइन जिवंत होती.

मग आतून आवाज आला...

टिक.

थोडं थांबून... टिक.

टिक. टिक. टिक.

काळं बटण. शाहूपुरीतून त्यांनीच आणलेलं, स्प्रिंग जरा कडक असलेलं. कुणीतरी ते दाबत होतं. सोडत होतं. पुन्हा दाबत होतं.

दादासो खाली बसले. फरशीवरच. आणि वर्षभर जे मनात कोंडलं होतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"मीना, घंटा वाजली न्हाय गं. मी घरच्या करंटवर जोडलती. तू दाबत हुतीस आन मी वर रेडू ऐकत बसलोतो. चूक माजी हाय. तू झोपेत गेलीस म्हणून पोराला खोटं सांगितलं मी."

टिकटिक थांबली.

ते किती वेळ बोलत राहिले त्यांना आठवत नाही. पलीकडून एक शब्द आला नाही. फक्त लाइन जिवंत होती. दोनचा ठोका पडला... आणि ती मेली. कुणी फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही.



आणि मग कॅमेऱ्यातून...

"पप्पा."

पोरानं सगळं ऐकलं होतं. जे मरेपर्यंत सांगायचं नव्हतं ते त्यानं शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. आता तो ओरडेल, तोंड बघणार नाही म्हणेल. दादासो मान खाली घालून बसून राहिले.

संघर्ष ओरडला नाही. बराच वेळ त्याचं नुसतं रडणं ऐकू आलं. मग तो बोलला, आणि जे बोलला ते दादासोंना माहीत नव्हतं.

मीनाबाईंकडं एक छोटा मोबाइल होता. त्यातलं त्यांना एकच येत होतं. दोनचा आकडा दाबून धरायचा, म्हणजे संघर्षला फोन लागतो. रोज दुपारी जेवण झालं की त्या त्याला मिसकॉल द्यायच्या. एक रिंग, की कट. म्हणजे आई जेवली, बरी आहे. परदेशातला फोन उचलला की पैसे पडतात, म्हणून उचलायचा नाही. मायलेकांचं ठरलेलं होतं.

"त्या दिवशी बी आलता, पप्पा. हिकडं सकाळचे धा वाजून धा मिंट झालते. पर कट झाला न्हाय. वाजतच ऱ्हायला. मला वाटलं, कट करायचं इसरली असंल. मिसकॉल उचलायचा नसतोय म्हणून मी उचलला न्हाय. हातातच हुता फोन माज्या."

सकाळचे दहा दहा तिकडं म्हणजे इकडं एक चाळीस.

बटण दाबून कुणी आलं नाही, म्हणून त्या बाईनं दुसऱ्या हातानं पोराला हाक मारली होती. एक घंटा वाजली नाही. दुसरी वाजली, पण कुणी उचलली नाही.

संघर्षनंही वर्षभर हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी माणसं आली, वंदना झाली, खीर वाटली. वंदनेत जर्मनीतून संघर्षचाही आवाज कॅमेऱ्यातून आला.

अठरा तारखेला एक चाळीसला फोन वाजला नाही.

एकोणीसलाही नाही. दादासोंनी टेबलाखाली सोडलेली वायर उचलून पुन्हा चौथ्या पोर्टात घातली आणि समोर बसून राहिले. तीनच दिवे. चौथा काळा. स्विच मुका. इतका गप की त्यांना तो पहिला पंख्यांचा डबाच बरा वाटायला लागला. तुम्हाला खरं सांगतो, भ्यायल्याचं त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं ते हे, की दिवा लागायचा तेव्हा घरात मी एकटा नव्हतो, आणि माफी मागितली आणि एकटा झालो.

संघर्ष आता घेऊन जायचं नाव काढत नव्हता. त्याला कळलं होतं की वडील खोली का सोडत नाहीत.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी सोप्यातला फोन वाजला. पडद्यावर संघर्षचा नंबर. दादासोंनी उचलला. पोरगा काही बोलेना. दादासोंना वाटलं लाइन तुटली, मग ओळखलं. पलीकडं कुणीतरी धरून गप्प बसलेली लाइन होती.

"काय झालं रं?"

"पप्पा... आता हिकडं वाजतोय."

कधीपासून, त्यांनी विचारलं. अठरा तारखेपासून, तो म्हणाला. रोज सकाळी दहा दहाला, त्याच्या मोबाइलवर. साडेदहापर्यंत वाजतो. ऑफिसात माणसं बघतात. फोन बंद करून ठेवला तरी वाजतो.

"नंबर दिसतोय?"

"नंबर न्हाय. नाव दिसतंय."

मीनाबाईंचा मोबाइल दादासोंनी मागच्या मे महिन्यातच बंद केला होता. पण पोराच्या फोनमधून ते नाव अजून काढलेलं नव्हतं.

"काय नाव?"

"आई."

दादासो चौथ्या पोर्टाकडं बघत राहिले. मग त्यांनी मुलाला सांगितलं,

"उचल, लेकरा. ह्यो मिसकॉल न्हवं."

त्यानं उचलला की नाही, मला माहीत नाही. दादासोंनाही माहीत नाही. ते विचारत नाहीत आणि तो सांगत नाही. रोज संध्याकाळी दोघं बोलतात, पावसावर, भाकरीवर, गल्लीतल्या कुत्र्यांवर. त्या विषयावर नाही.

संग्रामला मी एकदा विचारलं. त्यानं मला वीस मिनिटं स्विच समजावून सांगितला आणि शेवटी म्हणाला, पावणं, यंत्रात काय बिघाड असता तर मी काढला असता.

तो स्विच अजून दादासोंच्या टेबलावर आहे. एकदाही बंद पडलेला नाही. तीन दिवे लागतात.

माझी आई हुपरीला असते. तीही रोज दुपारी जेवल्यावर मिसकॉल देते. मी आता पहिल्या रिंगला उचलतो. ती चिडते, म्हणते, उचलतोस कशाला, पैसे पडतात.

पडू देत.